पाय भरून येतात, दुखणे मात्र कमरेत



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खत, पाणी आणि खोडवा यांबद्दल लिहितो. या अंकात ऊस बाजूला ठेवून ऊस पिकविणाऱ्याच्या पायांबद्दल लिहीत आहोत. त्याला कारण आहे. जळकोट भागात लागण नोंदीसाठी किंवा प्लॉट पाहणीसाठी आम्ही फिरतो, तेव्हा पन्नाशी-साठी ओलांडलेल्या सभासदांकडून एकच गाऱ्हाणे वारंवार कानावर येते. "साहेब, बांधाच्या त्या टोकापर्यंत जायचं म्हटलं की पाय भरून येतेत. घडीभर टेकलं की बरं वाटतंय. उठून चार पावलं गेलं की पुन्हा तेच."

या एका दुखण्यापायी कित्येकांनी चांगली जमीन बटईने दिली, कोणी बैल मोडले, कोणी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जाणे सोडले. विचारले तर उत्तर येते, "वय झालं आता." वय झाले हे खरे, पण या दुखण्याला नाव आहे, कारण आहे आणि बऱ्याच अंशी उपायही आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. वैद्यकशास्त्रात जे ठरलेले आहे, तेच शेतकऱ्याच्या भाषेत येथे मांडीत आहोत. हे वाचून डॉक्टरांकडे जावे, डॉक्टरांऐवजी हे वाचू नये.

कळ पायात, मूळ कमरेत

आपल्या कमरेत पाच मणके असतात. प्रत्येक मणक्याच्या मागच्या अंगाला पोकळी असते. मणके एकावर एक रचले की या पोकळ्यांची सलग नळी तयार होते. मेंदूकडून आलेला मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि तेथून खाली नसांचा जुडगा या नळीतून उतरतो. घोड्याच्या शेपटासारखा तो दिसतो. मांडी, पोटरी, पाऊल, तसेच लघवी आणि शौच यांचा ताबा या नसांकडे असतो.

वयोमानाने ही नळी आतून अरुंद होते. पाटाच्या चारीचे जसे होते, तसेच समजा. तळाला गाळ साचतो, दोन्ही काठ आत येतात, वरून गवत लोंबते आणि चारी होती तेवढीच असूनही वाट उरत नाही. कमरेत तळाचा गाळ म्हणजे दोन मणक्यांमधील गादी. ती वाळते, बसते आणि मागे फुगते. काठ म्हणजे मणक्यांचे मागचे सांधे. ते झिजतात आणि जाड होतात. वरचे गवत म्हणजे मणक्यांना बांधून ठेवणारा पिवळा स्नायूबंध. तोही जाडजूड होतो. काहींचा, विशेषतः बायकांचा, एक मणका दुसऱ्यावरून थोडा पुढे सरकतो आणि वाट आणखी आवळते. काही लोकांची नळी तर जन्मतःच बारीक असते. बहुतेकांचे हे दुखणे चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या मध्ये असते. डॉक्टर याला 'लंबर कॅनाल स्टेनोसिस' म्हणतात. साध्या मराठीत कमरेची नळी अरुंद होणे.

आपल्याकडे सर्रास म्हणतात, "मणक्यात गॅप पडलाय." खरे पाहता गॅप वाढलेला नसतो. गादी बसल्यामुळे मणके जवळ आलेले असतात. गॅप 'भरून काढणारे' तेल, पुडी किंवा इंजेक्शन नसते, हे येथेच सांगून ठेवतो.

हॉलंडमधील उट्रेख्ट येथील शल्यविशारद हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५४ साली या दुखण्याची लक्षणे नीट मांडली. उभे राहिले किंवा चालले की पाय दुखतात, लुळे पडल्यासारखे होतात आणि आडवे झाले की थांबतात, असे त्यांचे रुग्ण सांगत. व्हर्बीस्ट यांनी अरुंद नळी मोकळी केल्यावर ते चालू लागले. आपले सभासद बांधावर उभे राहून जे सांगतात, त्यात आणि या वर्णनात काहीच फरक नाही.

ओळखायचे कसे?

या दुखण्याची एक खोड आहे. माणूस ताठ उभा राहिला की पिवळा बंध आत दुमडतो आणि नळी आणखी आवळते. पुढे वाकला की बंध ताणला जातो आणि नळी थोडी उघडते. ही गोष्ट ध्यानात ठेवली की बाकीची कोडी आपोआप सुटतात.

आमच्या माहितीतील एका सभासदाला पायी शे-दोनशे फूट जाणे होत नव्हते. तोच माणूस सायकलवर बसून गावात जाई, तेव्हा पाय दुखत नसत. घरचे म्हणत, "सायकल चालवायला पाय चांगले, शेतात जायला दुखतेत." त्यांना ते सोंग वाटे. सोंग मुळीच नव्हते. सायकलवर माणूस हँडलकडे झुकतो, नळी उघडी राहते. पायी चालताना ताठ राहतो, नळी आवळते.

आपला तालुका डोंगरी. बालाघाटाच्या चढउतारावर हा फरक स्पष्ट कळतो. चढ चढताना अंग पुढे झुकते म्हणून त्रास कमी होतो. उतार उतरताना अंग मागे कलते म्हणून त्रास वाढतो. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या माणसाचे याच्या नेमके उलट असते.

बायकांचेही असेच. खुरपायला बसल्या तर तासभर काही वाटत नाही. डोक्यावर घागर घेऊन निघाल्या, किंवा लग्नाच्या पंगतीत वाढायला उभ्या राहिल्या, की पिंढऱ्या भरतात. "बसून काम केलं की बरं, उभं केलं की दुखतंय, म्हणजे कामचुकारपणा" असे कोणत्याही घरात म्हणू नये. त्या बाईने लक्षण अगदी बरोबर सांगितलेले असते.

थोडक्यात खुणा अशा:

१. ठराविक अंतर चालल्यावर किंवा ठराविक वेळ उभे राहिल्यावर कुल्ला, मांडी, पोटरी भरून येणे, जड होणे, मुंग्या येणे किंवा बधिर होणे. बहुधा दोन्ही पायांना, क्वचित एकाच.
२. नुसते उभे राहून आराम न पडणे. बसल्यावर, उकिडवे झाल्यावर किंवा ओणवे टेकल्यावर काही मिनिटांत पडणे.
३. काठीवर, सायकलच्या हँडलवर किंवा गाडीच्या साटीवर झुकून चालले तर जास्त अंतर जाता येणे.

सारखी दिसणारी दुसरी दुखणी

चालताना पाय दुखतो म्हणजे नळीच अरुंद झाली, असे धरून चालू नये. बिडी, सिगारेट ओढणाऱ्यांच्या आणि साखरेचा विकार असलेल्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या बुजतात. त्यांचीही पोटरी चालल्यावर आवळते. मात्र ते जागेवर नुसते उभे राहिले तरी थांबते, बसावे लागत नाही, आणि सायकल चालवतानाही दुखते. अशा पायाचे पाऊल थंड पडते, जखम लवकर भरत नाही. तो रोग वेगळा आणि त्याकडे दुर्लक्ष केले तर पाय गमवावा लागतो. साखरेने नसा खराब झाल्या, तर तळव्यांची आग रात्रंदिवस होते. तिचा चालण्या-बसण्याशी संबंध नसतो. खुब्याचा सांधा झिजला तर जांघेत दुखते आणि मांडी घालता येत नाही. गादी एकाएकी सरकली तर कळ अचानक येते आणि वाकल्यावर वाढते. काहींना यांतली दोन दुखणी एकदम असतात. म्हणून तपासणी हवीच.

येथे एक अडचण सांगतो. आपण दवाखान्यात जातो, तासभर बाकावर बसतो आणि नंबर येईपर्यंत पाय ठणठणीत होतात. डॉक्टर झोपवून तपासतात, काही सापडत नाही. म्हणून आपणच नीट सांगावे: किती अंतर चालल्यावर दुखते, कुठपर्यंत दुखते, काय केल्यावर थांबते. अंतर मोजायला टेप नको. चौरस एकराची एक बाजू सुमारे २०९ फूट भरते. "अर्ध्या बांधावर बसावं लागतंय, मागल्या दिवाळीला पूर्ण बांध जात होतो," एवढे सांगितले तरी डॉक्टरांना पुष्कळ कळते.

एम.आर.आय.च्या फोटोबाबतही भिऊ नये. साठीनंतर कसलाही त्रास नसलेल्या पुष्कळ माणसांच्या फोटोत नळी अरुंद दिसते. इलाज फोटोचा करायचा नसतो, माणसाचा करायचा असतो.

पुढे काय होते?

सगळ्यांच्या मनातली भीती एकच असते, "आता अंथरूण धरावं लागणार का?" सर्वसाधारणपणे तसे होत नाही. पुष्कळांचे दुखणे वर्षानुवर्षे आहे तेवढेच राहते, काहींचे कमी होते, काहींचे हळूहळू वाढते. एकाएकी पाय जाणे विरळा. अंथरुणाला खिळतो तो बहुधा दुखते म्हणून चालणे सोडून देणारा. पायातली ताकद जाते, वजन वाढते, साखर वाढते आणि मग खरेच उठवत नाही. पडून राहणे हा या दुखण्यावरचा इलाज नव्हे.

शेतातले काम कसे बेतावे?

१. चालणे तोडून तोडून करावे. दुखायला लागेपर्यंत चालू नये. अर्ध्या बांधावर दुखत असेल, तर पाव बांधावर बसावे, दोन मिनिटे पुढे झुकून टेकावे आणि पुन्हा निघावे. चौरस एकराला चार फेऱ्या म्हणजे साधारण एक किलोमीटर. तो दिवसभरात तुकड्या-तुकड्याने पुरा झाला तरी चालेल. दर आठवड्याला थोडे वाढवावे.

२. बांधावर जागोजागी बसायची सोय करावी. एखादा दगड, ओंडका पुरे. लाज वाटण्याचे कारण नाही.

३. काठी थोडी आखूड घ्यावी, म्हणजे अंग पुढे झुकते. शेतात जाताना सायकल हाती धरून चालणे फार सोयीचे. थकलात तर बसून चालवता येते.

४. दारे धरताना तासन् तास ताठ उभे राहू नये. एक पाय दगडावर किंवा बांधावर ठेवावा, पाय आलटून पालटून बदलावा. ज्यांना शक्य आहे त्यांनी ठिबक करावे. पाणी वाचते हे आम्ही नेहमी सांगतो. रात्रीचे उभे राहणे वाचते हेही आता सांगतो.

५. डोक्यावर आणि पाठीवर ओझे नको. डोक्यावरचे ओझे कमरेला ताठ करून दाबते. १६ लिटरचा पाठीवरचा पंप भरला की पंपासकट त्याहून जास्त वजन होते. फवारणी मुलाकडे द्यावी किंवा पंप अर्धाच भरावा. युरियाचे पोते ४५ किलोचे, डीएपीचे ५० किलोचे. ते दोघांनी धरावे किंवा जागेवरच फोडून घमेल्याने न्यावे. वाकल्याने बरे वाटते म्हणून वाकून ओझे उचलू नये. उचलताना गुडघ्यात वाकावे.

६. डोक्याच्या वर हात करून, मागे वाकून करायची कामे दुसऱ्याकडे द्यावीत. ट्रॉली भरणे, कडब्याची गंजी रचणे ही त्यातलीच.

७. झोपताना पालथे पडू नये. कुशीवर, गुडघे थोडे पोटाशी घेऊन, मध्ये उशी ठेवून झोपावे. उताणे झोपायचे तर गुडघ्यांखाली उशी घ्यावी.

आपल्याकडील तांड्यांवरची पुष्कळ जोडपी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन तोडणीला बाहेर पडतात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे हे कमरेला सर्वांत जड काम. ज्यांच्या फडात टोळी आहे त्यांनी मोळ्या लहान बांधू द्याव्यात. घाई गाडीला असते, कंबर मात्र माणसाची जाते.

घरी करायचे व्यायाम

सतरंजीवर उताणे पडून एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी घ्यावा, दहा अंक मोजावेत, सोडावा. मग दुसरा. मग दोन्ही. त्यानंतर गुडघे उभे ठेवून पोट आत ओढावे आणि कमरेची पोकळी जमिनीला टेकवावी. खाटेच्या काठावर बसून हळूहळू पुढे वाकावे. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा पुरे. शक्य असेल त्याने सायकल चालवावी. हे सगळे एकदा भौतिकोपचार तज्ज्ञाकडून शिकून घेतले तर उत्तम.

भुजंगासन, धनुरासन, शलभासन यांत कंबर मागे वाकते. गादी सरकलेल्या कोणा रुग्णाला ती सांगितली असतील, म्हणून आपण करू नयेत. शेजाऱ्याच्या रानाचा खताचा डोस आपल्या रानाला चालत नाही, तसेच हे.

गोळ्या, पुड्या आणि इंजेक्शने

दुखणे थांबविणाऱ्या गोळ्या काही दिवस, डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्याव्यात. दुकानातून मागून महिनोन् महिने खाल्ल्या, तर पोटात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. साखर आणि रक्तदाबाच्या रुग्णांना हा धोका अधिक. बिननावाच्या पुड्यांपासून तर दूरच राहावे. काहींत स्टेरॉइड मिसळलेले असते. चार दिवस पाय हलके होतात, मग साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. आधीपासून घेत असाल तर एकदम बंदही करू नये, पुडी घेऊन डॉक्टरांना दाखवावी. हिसका देऊन मणका 'बसविणे' आणि डाग देणे यांनी नळी रुंद होत नाही, इजा मात्र होते.

कमरेत नसांजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. अमेरिकेत ४०० रुग्णांवर झालेली पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. नुसते बधिर करण्याचे औषध आणि स्टेरॉइड मिसळलेले औषध यांत सहा आठवड्यांनी फारसा फरक आढळला नाही. काहींना तात्पुरता आराम पडतो. त्यासाठी कर्ज काढू नये.

शस्त्रक्रिया करावी का?

तीन ते सहा महिने वरील उपाय मनापासून करूनही घरापासून रस्त्यापर्यंत जाणे होत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. तिच्यात नळीवरचे हाडाचे छप्पर आणि जाड झालेला बंध काढून नसा मोकळ्या करतात. पायांच्या दुखण्याला तिचा गुण चांगला येतो, कमरेच्या दुखण्याला तेवढा येत नाही. जुना बधिरपणा काही वेळा राहतो. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांना दोन वर्षांनी जास्त आराम दिसला. न करणारेही काही प्रमाणात सुधारले होते. पुढे आठ वर्षांपर्यंत हा फरक बराच कमी झाला. म्हणजे निर्णय आपला, आपल्या अडचणीच्या मानाने घ्यायचा. घाईचे कारण नसेल तर ऊस गाळपाला गेल्यावर तारीख ठरविता येते.

स्क्रू आणि सळ्या प्रत्येकाला लागतातच असे नाही. स्वीडनमध्ये २४७ रुग्णांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. नुसती नळी मोकळी केलेले आणि सोबत मणके जोडलेले, यांच्यात दोन वर्षांनी फरक आढळला नाही. मणका फार हलत असेल तर जोडावा लागतो. म्हणून "स्क्रू कशासाठी?" हे डॉक्टरांना नम्रपणे, पण जरूर विचारावे. खर्चात त्याने फार फरक पडतो. जमीन गहाण टाकण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

मणक्याच्या शस्त्रक्रियेचे नाव काढले की आपल्याकडे "पाय जातेत" असे म्हणतात. ही भीती जुनी आहे. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी मणक्याच्या शस्त्रक्रियेत हयात घालविली. 'ताठ कणा' हे त्यांचे आत्मचरित्र मराठीत आहे. धोका कोणत्याही शस्त्रक्रियेत असतो. तो किती, हे ऐकीव गोष्टींवरून न ठरवता तज्ज्ञाला विचारावे. आपल्याला लातूर, नांदेडजवळील विष्णुपुरी आणि अंबाजोगाई अशी तीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालये जवळ आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला इलाज बसतो का, हे शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

या खुणा दिसल्या तर थांबू नये

लघवी अडणे किंवा नकळत होणे. शौचावरचा ताबा जाणे. बैठकीची जागा, म्हणजे खोगीर जेथे टेकते तेवढा भाग, बधिर होणे. पाऊल लुळे पडून चप्पल निसटणे, पायाची ताकद दिवसेंदिवस कमी होणे. यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. तोड चालू आहे, पाण्याची पाळी आहे, असे म्हणून एक रात्रही काढू नये. दाबलेली नस वेळेत मोकळी झाली नाही तर ती परत येत नाही.

ताप, वजन घटणे, रात्री झोपेतही कमरेत ठणका असेल, तर मणक्याचा क्षय किंवा गाठ नाही ना, याची तपासणी विनाविलंब करून घ्यावी. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

शेवटी

सभासदांना एवढेच सांगणे आहे की, चालता येत नाही म्हणून ऊस मोडू नये आणि लाज वाटते म्हणून दुखणे लपवू नये. ज्यांना चालण्याचा त्रास आहे त्यांनी गट कार्यालयात तसे सांगून ठेवावे. लागण नोंद देण्यासाठी किंवा प्लॉट दाखविण्यासाठी मुलगा, सून, लेक कोणीही आले तरी चालेल. आमचे कर्मचारी बांधावर येतील. वार्षिक सभेला येणाऱ्यांनी मागे भिंतीशी उभे न राहता पुढे येऊन खुर्चीवर बसावे. आणि ज्यांच्या घरी असे दुखणे आहे, पण वाचता येत नाही, त्यांना हा मजकूर कोणीतरी वाचून दाखवावा, ही विनंती.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग